हॉट प्रेसमधलं ‘आपण’

आई, आज सकाळी हॉट प्रेस उघडलं.

तुम्हाला जाऊन सव्वीस दिवस झाले. पुण्यात तेराव्यापर्यंत घरात माणसांचा राबता होता. कोणी ना कोणी दारात चपला काढत असायचं आणि मी जावई म्हणून चहा, पाणी, ‘बसा ना’ यातच बुडालेला. रडायला सवड मिळाली नाही. इथे आयर्लंडमध्ये, टॅलाला परत आल्यापासून मात्र जिना चढता-उतरताना मी त्या पांढऱ्या दाराकडे बघायचं टाळत होतो. आज टॉवेल संपले. केतकी आंघोळीला गेली होती, ती आतून ओरडली, “अरे, प्रेसमधून एक टॉवेल दे ना!” मग काय, उघडावं लागलं.

कपाटाला इथे प्रेस म्हणतात हे पहिल्या खेपेला कळलं, तेव्हा तुम्ही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला होतात. “म्हणजे कपडे प्रेसमध्ये, आणि इस्त्रीचा पत्ता नाही!” आणि हॉट प्रेस, म्हणजे गरम पाण्याच्या टाकीभोवतीचं ते कपाट, जिथे अर्धवट वाळलेले कपडे नीट सुकतात, ती तर या घरातली तुमची सगळ्यात लाडकी जागा. बाहेर बारा महिने ओल, पण तिथे ऊब. “कागदाला याहून चांगली जागा नाही,” असं म्हणून तुम्ही पुस्तकाची निळी फाइल टॉवेलांच्या मागे ठेवायला लागलात. गेल्या सप्टेंबरात तुमचे व्हिसाचे तीन महिने संपले आणि तुम्ही पुण्याला निघालात, तेव्हाही ती तिथेच ठेवून गेलात. पाच महिने मी ती उघडली नाही. का, ते तुम्हाला माहीत आहे.

सासूला आई म्हणायला मला तीन वर्षं लागली. पण तुम्ही तरी कुठे सोप्या होतात? लग्नानंतर बराच काळ मी तुमच्यासाठी ‘निखिलराव’ होतो आणि तुम्ही माझ्याशी ‘आपण’ म्हणून बोलायचात. ‘आपण चहा घेणार का?’ ‘आपल्याला तिखट चालतं ना?’ मला वाटायचं मी तपासणीला आलेला बँकेचा साहेब आहे. केतकी म्हणायची, “आईचं तसंच असतं रे, ती रिस्पेक्ट देते.” असेल. पण तो रिस्पेक्ट मला दाराबाहेर उभं करायचा.

मग एकदा मी जरा खवचटपणेच विचारलं होतं, “तुमच्या चिनी भाषेत सासूला काय म्हणतात हो?” तुम्ही तीस वर्षं पुण्यात कंपन्यांमधल्या लोकांना चिनी शिकवलेलं. चेहरा न हलवता म्हणालात, “जरा मानाचा शब्द हवा असेल तर यूए-मू. यूए म्हणजे मोठा डोंगर. मू म्हणजे आई.” डोंगर-आई! “शब्द अगदी अचूक आहे,” माझ्या तोंडून निघून गेलं आणि मी जीभ चावली. तुम्ही माझ्याकडे बघत राहिलात आणि मग असं हसलात की केतकी स्वयंपाकघरातून पळत आली. त्या दिवसापासून निखिलरावांचा निखिल झाला आणि ‘आपण’चा ‘तू’.

तुमची एकच तक्रार असायची. “तीस वर्षं शिकवलं, पण लोक माझ्याकडून ‘भाव कमी करा’ म्हणायला शिकले. चीन शिकायला कोणी आलंच नाही.” म्हणून इथल्या लायब्ररीतली वरची खोली मी शनिवारी दुपारी तुमच्यासाठी मागून घेतली. पहिल्या दिवशी नऊ मराठी माणसं. त्यातली चार हॉस्पिटलातून ड्युटी संपवून आलेली, जांभया देणारी. तुम्ही ना राजघराणी सांगितलीत, ना चीनची भिंत. विचारलंत, “चमचा म्हणता येतो का? आणि चिमणी? दोन्हीतला च वेगळा आहे हे कळतं का? झालं तर मग. हिंदीवाले इथेच अडकतात. चिनीत हे दोन्ही च लागतात, आणि ते तुम्ही आईच्या मांडीवर शिकून बसलाय.” मग सगळा वर्ग चमचा-चिमणी, चमचा-चिमणी करत बसला. मी मागे कुरकुरलो की तो च अगदी तंतोतंत तसा नाही. तुम्ही म्हणालात, “निखिल, गाडीत बसवायचंय त्यांना. इंजिन नंतर दाखवू.”

सुरांचंही तसंच. एकच अक्षर चार सुरांत म्हटलं की चार अर्थ होतात, हे ऐकून लोक घाबरतात. तुम्ही आधी आपलं फोनवरचं ‘हं’ घेतलंत. ऐकतेय असं सांगणारं सपाट हं, काय म्हणालास विचारणारं चढतं हं, मला नाही पटत वालं खाली जाऊन वर येणारं हं, आणि ठेव आता फोन असं सांगणारं आपटलेलं हं. तेवढ्यात लायब्ररीतल्या बाई खुर्च्या पुरतात का बघायला आल्या. तुम्ही त्यांना गोष्ट समजावलीत. त्या म्हणाल्या, “ग्रँड.” तुम्ही टाळी वाजवलीत. “ऐकलंत? यांचं सगळं आयुष्य एका ग्रँडवर चालतं. पाय मोडला तरी ग्रँड, मुलगी पास झाली तरी ग्रँड. फक्त सूर बदलतो. आयरिश माणूस चिनी शिकायला जन्मलाय!” पुढच्या शनिवारी त्या बाई कामाच्या नावाखाली तासभर मागे उभ्या होत्या.

आणि तो भिक्षू. चौदाशे वर्षांपूर्वी चीनमधून चालत निघून महाराष्ट्रापर्यंत आलेला आणि आपल्या माणसांबद्दल लिहून ठेवणारा. ही माणसं साधी आहेत, मानी आहेत, उपकार विसरत नाहीत आणि अपमान तर मुळीच विसरत नाहीत, अशा अर्थाचं. ते सांगताना तुम्ही दरवेळी माझ्याकडे बोट दाखवायचात. “बघा, एवढ्या लांबून येऊन त्यानं माझ्या जावयाला ओळखलं.” सगळे हसायचे. मीही हसायचो. अपमान विसरता न येण्याची पाळी तुमच्यावर आणीन असं तेव्हा वाटलं नव्हतं.

पुस्तकाची कल्पना माझी, हे मी आज कबूल करतो. त्या व्याख्यानांचं पुस्तक करू, मराठी माणसाला कळेल असं, म्हणून मीच मागे लागलो. चार उन्हाळे आपण, हो, आपणच, स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसलो. तुम्ही सांगायचात आणि मी टाइप करायचो. मी वैद्यकीय उपकरणांच्या कारखान्यात कागदपत्रं तपासतो. एका वाक्याचे दोन अर्थ निघाले तर कुठेतरी यंत्र चुकीचं जुळतं, त्यामुळे दोन अर्थ दिसले की माझा हात लाल पेनाकडे जातो. आणि तुमच्या लिखाणात जिथे बघावं तिथे ‘आपण’. आपण म्हणजे वाचक? की लेखिका? की मराठी लोक? की मराठी आणि चिनी मिळून? मी प्रत्येक ‘आपण’भोवती लाल गोल काढायचो.

“काढ, काढ,” तुम्ही म्हणायचात. “इंग्रजीला ही सोयच नाही. एक वी, त्यात सगळे कोंबा. आपल्याकडे आम्ही म्हटलं की तू बाहेर, आपण म्हटलं की तू आत. आणि जगात अशा भाषा फार नाहीत, पण उत्तरेकडच्या चिनीत हे आहे.” मग तुम्ही मला घरमालकिणीची गोष्ट सांगितलीत. तुम्ही ऐन पंचविशीत दुभाषी म्हणून तिकडच्या थंड शहरात राहिलात, एका म्हातारीच्या घरात. जेवायची वेळ झाली की ती तुम्हाला सांगायची, ‘वो-मन् जेवतोय.’ वो-मन् म्हणजे आम्ही, कधीकधी आपणही, पण तिच्या तोंडी तो आम्हीच असायचा. तुम्ही आपल्या खोलीत स्टोव्हवर भात टाकायचात. आठ महिने. मग एका हिवाळ्यात तुम्ही तापानं पडलात, आणि बऱ्या होऊन बाहेर आलात तेव्हा तिनं पाट पुढे सरकवावा तसं स्टूल सरकवलं आणि म्हणाली, ‘चला, त्सान्-मन् जेवू.’ त्सान्-मन् म्हटलं की समोरचा आत आलाच. “मी त्या स्टुलावर बसून रडले,” तुम्ही म्हणालात. “तिला वाटलं मिरची लागली.”

हीच गोष्ट पुस्तकाचं शेवटचं प्रकरण होणार होती. दरवर्षी तुम्ही म्हणायचात, “ते घाईत नको लिहायला.” दरवर्षी ते राहायचं.

तुम्ही मला लिपी शिकवायचा प्रयत्न केलात, त्यावरूनही आपलं भांडण. मी वीसेक अक्षरं शिकून हात टेकले. त्यातलं एक अजून आठवतं, कारण तुम्ही ते हॉट प्रेससमोर उभं राहून शिकवलं होतंत. उभा चौकोन, आत तीन कप्पे, डोक्यावर एक छोटी तिरकी रेघ. “दिसतंय ना प्रेससारखं? पण मुळात ते नाक होतं. चिनी माणूस ‘मी’ म्हणताना छातीवर नाही, नाकावर बोट ठेवतो. म्हणून नाकाचं चित्र पुढे ‘स्वतः’ या अर्थाचं झालं.” मग पाकिटाच्या पाठीवर त्या प्रेसच्या डावीकडे एक छोटं खोकं काढलंत, खोकं म्हणजे तोंड. “तोंड आणि स्वतः. झालं त्सान्. आणि गंमत बघ, आपलं ‘आपण’ही आत्मन्‌मधून आलंय. त्यांनाही आपण म्हणायला स्वतःपासूनच सुरुवात करावी लागली आणि आपल्यालाही.” मी म्हणालो होतो, हे फार जमवून आणल्यासारखं वाटतंय. तुम्ही म्हणालात, “भाषेनं जमवलंय, मी नाही.”

मग तो ऑगस्टमधला रविवार. अमोल आणि त्याची बायको जेवायला आले होते. अमोल माझा कारखान्यातला मित्र, मनानं चांगला, फक्त काळजीचा कारखानाच. तुम्ही सकाळपासून चिनी करंज्या केल्या होत्या. कोबी-आल्याचं सारण आणि कडेला आपल्या दिवाळीची मुरड. जेवणं झाल्यावर तुम्ही हौसेनं कव्हरचं पान आणलंत. वर पुस्तकाचं नाव, खाली तुमचं, आणि त्याच्याखाली, त्याच आकारात, माझं. मला विचारलं नव्हतंत. मला आश्चर्याचा धक्का द्यायचा होता तुम्हाला.

अमोल म्हणाला, “ए, निखिल, चायना म्हणजे सेन्सिटिव्ह टॉपिक आहे यार. काकूंचं ठीक आहे, त्या रिटायर्ड आहेत. पण तुझं नाव? उद्या कोणी स्क्रीनशॉट काढून काहीतरी भलतंच लिहिलं तर?”

आणि मी म्हणालो, “छे छे. हे यांचं पुस्तक आहे. माझा काय संबंध? मी नुसता टायपिस्ट.”

तेवढंच. हसत हसत म्हणालो. मला वाटलं, थोडा विनय, थोडी सावधगिरी, विषय संपला. आई, खरं सांगतो, विनय नव्हता तो. मी घाबरलो होतो. पुस्तकात एका म्हातारीनं स्टूल सरकवलं आणि एक भिक्षू चालत आला, याखेरीज घाबरण्यासारखं काही नव्हतं, आणि तरी मी घाबरलो. तुम्ही कव्हरचं पान नीट घडी न घालता उचललंत, फाइलमध्ये ठेवलंत आणि अमोलला विचारलंत, “अजून एक करंजी?”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खाली आलो तर तुम्ही म्हणालात, “निखिलराव, आपण चहा घेणार का?”

मला आधी वाटलं चेष्टा आहे. नव्हती. उरलेले अठरा दिवस तसेच गेले. ‘आपण जेवून घ्यावं.’ ‘आपल्याला उशीर होत असेल.’ केतकी मध्ये पडली, “आई, काय चाललंय तुझं? आणि तू सॉरी म्हण की रे तिला!” मी म्हणालो नाही. काय चुकलं ते मला माहीत होतं, म्हणूनच म्हणालो नाही. चुकलं नसतं तर शंभर वेळा म्हणालो असतो. विमानतळावर तुम्ही मला म्हणालात, “आपण गाडी सावकाश चालवावी.” नंतर फोनवर मी लांबूनच हात करायचो आणि ‘घ्या, केतकीशी बोला’ म्हणून सुटायचो. दिवाळीलाही. संक्रांतीलाही. मला वाटायचं जूनमध्ये तुम्ही येणारच आहात, तेव्हा बघू. आपल्या पत्रिकेत जून कायमचाच लिहिलाय असं धरून चाललो होतो मी.

तर आज सकाळी. टॉवेल ओढला आणि मागे ती निळी फाइल. टाकीची ऊब लागून तिचं पुठ्ठ्याचं पान थोडं वाकलं होतं. मी जिन्याच्या वरच्या पायरीवर बसलो आणि उघडली. कव्हरचं पान सगळ्यात वर. माझं नाव तुम्ही खोडलं नव्हतंत. मग सगळी प्रकरणं, माझ्या लाल गोलांसकट. सगळ्यात शेवटी एक पान, वर नाव ‘आपण’, बाकी कोरं. अगदी खाली तुमच्या त्या उजवीकडे झुकणाऱ्या अक्षरात एकच ओळ: ‘आपलं पुस्तक आता आपणच पूर्ण करावं.’

मी ते तीनदा वाचलं.

केतकी शेवटी ओल्या केसांनी गाऊन गुंडाळून बाहेर आली, रागावलेली. मग माझ्याकडे बघून शेजारी बसली. तिनं वाचलं आणि तिचा चेहराच उजळला. “बघ! आईनं आपलं पुस्तक म्हटलंय. आपण पूर्ण करू म्हणतेय.”

“‘करू’ कुठे लिहिलंय?” मी म्हणालो. “‘करावं’ लिहिलंय. आपण जेवून घ्यावं, आपण गाडी सावकाश चालवावी, तसं आपणच पूर्ण करावं. म्हणजे निखिलराव, आपलं आपण बघा. आई रागातच गेल्या, केतकी.”

“असं कसं? आई असं लिहिणारच नाही.”

“दोन्ही अर्थ होतात.”

“तू आणि तुझे दोन अर्थ!” ती रडायला लागली. मग डोळे पुसता पुसता कागदावर वाकली. “आणि हे काय आहे? ‘आपणच’च्या डोक्यावर? पेन्सिलनं काहीतरी काढलंय. खोकं आहे एक. आणि शेजारी... प्रेस?”

मी कागद खिडकीकडे धरला. छोटं खोकं. शेजारी उभा चौकोन, आत तीन कप्पे, डोक्यावर तिरकी रेघ. वीस अक्षरांपैकी एक. तोंड आणि नाक. तोंड आणि स्वतः.

त्सान्.

आई, तुम्हाला माहीत होतं. हा माणूस या ओळीचे दोन अर्थ काढणार आणि त्यातला वाईट तोच धरून बसणार, हे तुम्हाला पक्कं माहीत होतं. म्हणून माझ्याच कारखान्याच्या नियमानं, शंकेला जागा राहू नये म्हणून, तुम्ही वर खूण करून ठेवलीत, आणि तीही मला वाचता येईल अशा मोजक्या अक्षरांतली. तोंडानं निखिलराव म्हणत होतात आणि इकडे स्टूल सरकवून ठेवलं होतंत. आणि मी पाच महिने रोज त्या कपाटातून टॉवेल काढत होतो. वीतभर अंतरावर होतं ते. एकदा हात मागे घातला असता तर दिवाळीला फोन माझ्या हातात राहिला असता. हे मला कोणी आता परत देणार नाही, तुम्हीसुद्धा नाही.

केतकीला मी पाकिटाची आणि नाकाची गोष्ट सांगितली. तिला आईनं ती कधी सांगितली नव्हती. “मला नाही सांगितली,” ती म्हणाली, थोडी रुसून, आणि मग नाकावर बोट ठेवून बघितलं.

दुपारी अमोलला फोन केला. म्हटलं, पुढच्या शनिवारी लायब्ररीत सगळे तुमच्या आठवणीसाठी जमणार आहेत, खुर्च्यांचं त्या ग्रँडवाल्या बाई बघतायत, तिथे मी पुस्तकातलं थोडं वाचणार आहे. तो म्हणाला, “काकूंचं पुस्तक ना?”

“आपलं,” मी म्हणालो.

“आपलं म्हणजे कोणाचं?”

मी फोड करून सांगितली नाही. आयुष्यात पहिल्यांदा एका शब्दाचे सगळे अर्थ मी तसेच राहू दिले. फोन ठेवला आणि टेबलावर बसलो, माझ्या नेहमीच्या जागी. तुमच्या खुर्चीवर केतकीनं ओला टॉवेल टाकला होता, तो उचलून बाजूला ठेवला. फाइलमधले लाल गोल एकेक करून खोडरबरानं घासले. शाई ती, जात नाही, पण घासले. मग शेवटच्या प्रकरणाचं पहिलं वाक्य टाइप केलं: ‘चला, आपण जेवू,’ म्हातारी म्हणाली आणि तिनं स्टूल पुढे सरकवलं.

कव्हरवर दोन्ही नावं आहेत तशीच राहतील. त्या रविवारी अमोलसमोर, करंज्यांच्या रिकाम्या ताटासमोर, तुमच्याकडे बघून जे म्हणायला हवं होतं, ते आज तुमच्या खुर्चीला सांगतोय.

आई, माझा संबंध आहे.